कोठवर, हे परमेश्वरा?

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

रोजचं वाचन-प्रार्थना चुकत नाही, तरी मन थाऱ्यावर येत नाही, असं तुम्ही दोघंही म्हणता. तुमचा विश्वास उणा पडलाय असं मला वाटत नाही. संकटात आपण आश्वासनाची वचनं तेवढी वेचून काढतो आणि विलाप वगळतो, गडबड तिथे होते. पवित्र शास्त्रातल्या १५० स्तोत्रांतली साधारण तिसरा हिस्सा स्तोत्रं विलापाचीच आहेत. ती वाचायला लाजू नका.

स्तोत्र १३ पासून सुरू करा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर' हा सवाल चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे आणि पाचव्यापासून भरवसा. आधी मोठ्याने वाचा, मग वहीत त्याच क्रमाने आपल्या तीन ओळी लिहा: काय दुखतंय, काय हवंय, आणि देवाविषयी आज काय खरं वाटतं. पहिली ओळ मोघम नको. 'फार अडचणी आहेत' यापेक्षा 'रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत धास्ती वाटते' असं लिहा. बहुतेकांची चूक होते ती तिसऱ्या ओळीवर घाईने उडी मारण्यात. मग भरवसा तोंडावर राहतो आणि तक्रार आत कुजते. तिसरी ओळ सुचलीच नाही तर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

रोमकरांस पत्रात (५:३-४) क्रम दिलाय: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आपण संकटातून थेट आशेवर जाऊ पाहतो, आणि ती आली नाही की स्वतःलाच दोष देतो. मूळ ग्रीकमध्ये 'धीर' या शब्दाचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणं असा आहे. हसतमुख राहणं त्यात कुठेच नाही. 'शील' म्हणजेही कसोटीला उतरलेलं, पारखलेलं. पारख व्हायला वेळ लागतोच.

एक वाक्य मात्र मनातून काढून टाका: 'सोसवेल तेवढंच देव देतो.' लोक त्यासाठी १ करिंथ १०:१३ पुढे करतात, पण तिथे विषय पापाच्या मोहाचा आहे, मूर्तिपूजेपासून पळण्याचा. आजार, वियोग, पैशाची तंगी यांचा नाही. ही पत्रं लिहिणारा खुद्द पौल २ करिंथ १:८ मध्ये सांगतो की आशिया प्रांतातलं संकट त्याच्या शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा उरली नव्हती. त्यामुळे 'आता सोसवत नाही' म्हणणं अविश्वास नव्हे.

यिर्मया २९:११ तुम्हाला पाठ आहे: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे, आशा देणारे आहेत, असं देव म्हणतो. कॅलेंडरवर छापतात तेच. आता दहावं वचन वाचा: सुटका ७० वर्षांनी! कैद करून बाबेलात नेलेल्या वयस्क माणसांना ती सुटका स्वतः पाहायला मिळणार नव्हती, तरी पाचव्या वचनात त्यांना घरं बांधायला, बागा लावायला आणि त्यांची फळं खायला सांगितलंय. आशा आपल्या आयुष्यापेक्षा लांब असू शकते आणि तरी आजचं काम सुटत नाही, हे मला त्या अकराव्या वचनाहून मोठं वाटतं.

आई, तुझ्यासाठी १ राजे १९. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला लावतो. देवाची मंद वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर. तेव्हा उपाशीपोटी, अर्धवट झोपेत प्रार्थना रेटू नकोस. औषधाची वेळ आधी पाळ. झोप बरेच दिवस उडाली किंवा मरणाचे विचार येऊ लागले तर डॉक्टरांनाही सांगायचं.

आणि याकोब ५:१४ नीट बघा: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं, असं आहे. बोलावणं आपण धाडायचं. ते आपणहून येतील म्हणून बाबा तुम्ही वाट बघत बसता आणि मग मनाला लावून घेता. या रविवारी उपासना सुटली की पाळकसाहेबांना सरळ सांगा, वार आणि वेळ ठरवूनच घरी या. आल्यावर स्तोत्र १३ त्यांनाच वाचायला द्या.

तुमची लेक