भाड्याची गाडी आणि चौथ्या पानावरचं कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत गेल्या रविवारी परदेशात स्वतः गाडी चालवत फिरण्यावर लेख आला होता. फोटो सुरेख होते: सूर्यफुलांची शेतं, वळणावळणाचा रस्ता, छत उघडी लाल गाडी. गाडी भाड्याने घ्यायच्या तयारीबद्दल मात्र एकच वाक्य होतं, आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि निघा. त्या 'आणि निघा'मध्ये काय काय दडलेलं असतं ते आम्ही चौघांनी पदरचे पैसे मोजून शिकून घेतलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर जरूर काटछाट करा, फक्त काउंटरचा भाग ठेवा.

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढणं हा माझा धंदा. अशी मी, रात्रभराच्या विमानप्रवासानंतर इटलीतल्या पिसाच्या विमानतळावर उभी होते आणि धाकटे दीर एका टॅबलेटवर बोटाने सह्या करत होते. एक, दोन, पाच, सात. मागे रांग होती, काउंटरवरची मुलगी हसून 'इथे, आणि इथे' म्हणत होती. मी खांद्यावरून नुसतं बघत राहिले. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो काढायला लावला असता.

दीर सह्या का करत होते, हीसुद्धा एक कथाच आहे. बुकिंग माझ्या यजमानांच्या नावावर होतं, कारण गाडी ते चालवणार होते. पैसे भरले होते दीरांच्या क्रेडिट कार्डाने. घरातल्या घरात काय फरक पडतो, असं आपल्याला वाटतं. काउंटरवर फरक पडतो. डिपॉझिटची रक्कम ज्या कार्डावर रोखून धरायची, ते मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते क्रेडिट कार्डच लागतं. यजमानांकडे होतं डेबिट कार्ड. बुकिंगवरचं नाव बदलता येईना. शेवटी ते बुकिंग बुडालं आणि दीरांच्या नावाने त्या दिवशीच्या भावाने नवा करार झाला. नशीब, दीरांनीही हौसेने परवाना काढून ठेवला होता! यजमानांना 'अतिरिक्त चालक' म्हणून रोजच्या वेगळ्या आकाराने नोंदवलं. तो आकार वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. पण करारात नाव नसलेला माणूस चाकावर असताना गाडी ठोकली, तर विम्याचं संरक्षण उडालंच समजा.

रोखून धरलेली रक्कम खर्च होत नाही, पण कार्डाची तेवढी मर्यादा अडकते. गाडी परत केल्यावरही ती लगेच मोकळी होत नाही. आमची पंधराव्या दिवशी झाली. तोपर्यंत एका हॉटेलात तेच कार्ड नाकारलं गेलं आणि दीर उगाचच बँकेवर चिडले.

आता विमा. काउंटरवर जे विकतात त्याला सगळे विमा म्हणतात, पण ते मुळात 'नुकसान माफी' असते. गाडीचं नुकसान झालं तर कंपनी एका रकमेच्या वरचं मागणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती रक्कम आपण भरायची, आणि ती हजार-दोन हजार युरोंच्या घरात असू शकते. मूळ भाड्यात बऱ्याचदा ही साधी माफी धरलेली असतेच. काउंटरवरची मुलगी विकते ती त्यावरची, म्हणजे आपल्या वाट्याची रक्कम शून्यावर आणणारी. ती घ्यावी की नाही याचं एकच उत्तर नाही. पण हा निर्णय तिच्यासमोर उभं राहून, मागची रांग ऐकत घेण्याचा नाही. तो घरी बसून करायचा. बाहेरच्या कंपनीची वेगळी पॉलिसी बरीच स्वस्त पडते. मात्र तिच्यात आधी भाडे कंपनीचे पैसे आपण भरायचे आणि मग कागद लावून परत मागायचे. शिवाय ती पॉलिसी असली म्हणून डिपॉझिट कमी होत नाही.

आणि दोन्हींत काय वगळलं आहे ते बघा. टायर, काचा, गाडीचं पोट आणि छत हे चौघे साध्या माफीतून हमखास बाहेर असतात. हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधनही. देशागणिक यादी बदलते. माझी भाची आइसलँडला निघाली आहे. तिथे खडी उडून काच फुटणं आणि वाळू-राखेच्या वादळात रंग खरवडून निघणं यांची संरक्षणं वेगवेगळी विकतात, आणि वाऱ्याने हिसका देऊन उलटं फिरवलेलं दार सहसा कशातच बसत नाही. दार उघडताना हाताने धरून उघड, असं तिला बजावलं आहे. आतल्या डोंगराळ 'एफ' रस्त्यांवर साधी गाडी न्यायची परवानगी नसते. चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली, तरी नदी ओलांडताना पाणी शिरलं तर भुर्दंड आपल्याच माथी.

कार्ड ओढताना यंत्र विचारतं, तुमच्या चलनात आकारू का? सोयीचं वाटतं, पण दर त्यांचा असतो. स्थानिक चलनातच म्हणावं.

एवढं सगळं चुकूनही एक गोष्ट मी नोकरीच्या सवयीने केली, आणि तीच कामी आली. पार्किंगमध्ये गाडी ताब्यात घेताना बाकीचे सामान लावत होते, मी गाडीभोवती फिरून फोटो काढत होते. चारही चाकं, एकेक, रिमचा काठ दिसेल असं. समोरची काच, छत, बंपरच्या खालची बाजू, इंधनाचा काटा, किलोमीटरचा आकडा. जाऊबाई हसल्या. मागच्या उजव्या रिमवर बोटभर खरचटलेलं होतं, ते कंपनीच्या कागदावरच्या गाडीच्या चित्रात नव्हतं. मी परत काउंटरवर जाऊन ते लिहायला लावलं नाही, ही माझी चूक. तिथेच लिहून घ्यायचं असतं. परतीला आम्ही पहाटे आलो. कार्यालय बंद, किल्ली पेटीत टाकून विमान पकडायचं. किल्ली पेटीत पडली तरी त्यांचा माणूस येऊन तपासेपर्यंत गाडी आपल्याच जबाबदारीवर असते, म्हणून जाताना पुन्हा सगळे फोटो काढले. अपेक्षेप्रमाणे नऊ दिवसांनी त्याच रिमचं बिल आलं. मी ताबा घेतानाचा फोटो पाठवला, वेळ आणि तारखेसकट. चार ओळींचा मेल, एकही विशेषण नाही. बिल मागे घेतलं गेलं.

पण फ्लॉरेन्सचं काही मागे घेतलं जाणार नव्हतं.

इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागाला 'झेडटीएल' म्हणतात, झोना अ त्राफिको लिमितातो, मर्यादित रहदारीचा भाग. ठरलेल्या वेळांत परवानगी नसलेल्या गाडीने आत जायचं नाही. अडसर नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. कडेला पांढऱ्या गोलाभोवती लाल कड असलेली पाटी आणि शेजारी दिव्यांची अक्षरं: 'वार्को अत्तीवो'. अत्तीवो म्हणजे चालू, चालू म्हणजे जाता येतं, असा अर्थ आम्ही चौघांनी एकमताने लावला. तो उलटा आहे. चालू आहे ती बंदी. 'नॉन अत्तीवो' दिसलं तरच आत जायचं. हॉटेल गल्ल्यांच्या जाळ्यात होतं, मोबाइलवरचा नकाशा खुशाल आत नेत होता. पहिल्यांदा वळण चुकलं, दुसऱ्यांदा पुढे ट्रक आडवा, तिसऱ्यांदा सापडलं. एकाच कॅमेऱ्यासमोरून तीन वेळा. हॉटेलला गाडीचा नंबर दिला तर झेडटीएलमधली बरीच हॉटेलं तो पालिकेकडे कळवतात आणि पाहुण्यांना सूट मिळते. हे आम्हाला हॉटेलच्याच बाईंनी वर्षभरानंतर मेलमध्ये सांगितलं. आम्ही विचारलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी दीरांच्या कार्डावर ४५ युरोंची कपात दिसली. मग आणखी एक. मग तिसरी. आम्हाला वाटलं दंड भरला गेला, विषय मिटला. तो दंड नव्हता. गाडीच्या मालकाकडून, म्हणजे भाडे कंपनीकडून, पोलीस चालकाचं नाव-पत्ता मागतात. ते कळवण्याचा हा कंपनीचा आकार होता. कराराच्या चौथ्या पानावर कलम होतं, खाली दीरांची बोटाने केलेली सही. दंड वेगळा, आणि परदेशात राहणाऱ्याला त्याची नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. नोटीस मिळाल्यापासून ५ दिवसांत भरला तर ३० टक्के कमी, ६० दिवस उलटले की रक्कम चढते. पहिलं रजिस्टर पाकीट आलं तेव्हा दीर गावाला गेलेले. शेजाऱ्यांनी घेऊन फ्रिजवर ठेवलं. सूट गेली.

कंपनीला मी दोष देत नाही. कलम छापलेलं होतं. पण ज्या शहरात रोज पाहुण्यांच्या गाड्या या सापळ्यात सापडतात, त्या शहराच्या दिशेने किल्ली हातात देताना ते एक वाक्य तोंडी सांगायला काय जातं? वरच्या दर्जाची गाडी घ्या, हे तीनदा सांगितलं.

दंडाचंच नाही, टोलचंही असंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून पैसे घ्यायला माणूसच नाही, कॅमेरा नंबर टिपतो. टोल वेळेत वेबसाइटवर भरला नाही तर तो भाडे कंपनीमार्फत येतो, वर त्यांचा सेवा आकार. स्वित्झर्लंडच्या मोटरवेला ४० फ्रँकचा वर्षाचा परवाना लागतो. जिनिव्हा विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. भाडं कमी दिसलं म्हणून फ्रेंच बाजूची गाडी घेतलीत, तर तिच्यावर तो नसण्याचीच शक्यता जास्त. सीमा ओलांडायची असेल तर आधी विचारून, लिहून घ्यावं. काही देशांत गाडी नेऊच देत नाहीत, फेरीबोटीवर चढवायलाही मनाई असू शकते.

परवान्याबद्दल आपल्या लेखकाने लिहिलं ते अर्धवट आहे. तो आंतरराष्ट्रीय कागद म्हणजे आपल्या मूळ परवान्याचं भाषांतर, मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला किंमत नाही. तो आपल्याच देशातल्या अधिकृत कार्यालयातून, निघण्याआधी काढायचा. ऑनलाइन चकचकीत कार्डं विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. त्याचे मुख्य नमुनेही दोन आहेत, १९४९च्या जिनिव्हा कराराचा आणि १९६८च्या व्हिएन्ना कराराचा. जपानला फक्त १९४९चा चालतो. चीनच्या मुख्य भूमीत कुठलाच चालत नाही.

आणि पंप. सिएनाच्या बाहेर दीरांनी नळी उचलली, वर लिहिलेलं 'गॅसोलियो'. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात ना, असं म्हणत ते तोटी गाडीला लावणार, एवढ्यात जाऊबाईंनी झाकणाच्या आतली खूण दाखवली. गोलात 'ई ५'. तोटीवर चौकोनात 'बी ७'. गॅसोलियो म्हणजे डिझेल, पेट्रोल ते 'बेन्झिना'. रंगावर तर मुळीच जाऊ नये, युरोपात हिरवी तोटी बहुधा पेट्रोलची आणि अमेरिकेत बहुधा डिझेलची. २०१८पासून युरोपीय संघात पेट्रोलला गोल आणि डिझेलला चौकोन अशी खूण आहे, तीच जुळवावी. चुकीचं भरलंच गेलं तर गाडी चालू करू नये, आहे तिथेच ठेवून कंपनीला फोन करावा. खरं नुकसान इंजिन सुरू केल्यावर होतं.

चालवण्याबद्दल फारसं सांगायला नको. उजव्या बाजूने चालण्याची सवय गर्दीत पटकन होते, पुढच्या गाडीमागे जायचं असतं. यजमान चुकले ते सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर, पंपातून बाहेर पडताना. वळायचं म्हणून इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर लागला आणि त्या गडबडीत गाडी डाव्या बाजूला गेली. शेजारी बसणाऱ्याने अशा वेळी नकाशा बघू नये, मोठ्याने 'उजवीकडे' म्हणावं. मी म्हटलं.

विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सूर्यफुलांचा एक फोटो कमी करून तिथे या गोष्टींची चौकट टाका. कार्ड कुणाच्या नावाचं, माफीत काय नाही, फोटो कशाकशाचे, शहराच्या मध्यात गाडी नेता येते का. लागल्यास मजकूर मी फुकट लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक

ता. क. हे पत्र लिहीत असतानाच दीरांचा फोन आला, तिसरी नोटीस आज पोचली. या वेळी त्यांनी पाकीट लगेच फोडलं. सूट मिळायला अजून पाच दिवस आहेत.