लष्कराची मराठी संदर्भपुस्तिका: छापखान्यात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरणगाव आणि भुसावळचे आयुध कारखाने ‘ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डा’च्या अखत्यारीत आहेत, असे सांगणारी पुस्तके आपल्याकडे आजही विकली जातात. हे बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडीत निघाले. त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले, भुसावळ ‘यंत्र इंडिया’कडे. घराशेजारच्या कारखान्याबद्दल पुस्तक चुकत असेल, तर लेह-उधमपूरबद्दल त्यावर किती विसंबायचे?

निवृत्त सुभेदार, भरती अकादमीतले शिक्षक, कॉलेजातले प्राध्यापक स्वखर्चाने लष्करावर पुस्तके काढू लागले आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आजच्या लष्कराची माहिती चटकन सापडेल अशी मराठी पुस्तिका खान्देशात घरोघरी हवी आहे. पण संदर्भपुस्तक काढणे हे आठवणी लिहिण्यापेक्षा वेगळे काम आहे, आणि त्यात त्याच त्या चुका होताना दिसतात. त्या टळाव्यात म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी तारीख. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ‘ही माहिती अमुक तारखेपर्यंतची’ ही ओळ हवीच. गेल्या काही वर्षांत काय काय बदलले ते बघा. १ जानेवारी २०२० ला संरक्षण दल प्रमुख हे पद प्रत्यक्षात आले. १५ जानेवारी २०२२ ला नवा लढाऊ गणवेश दिसला. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्व अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला, म्हणजे रेजिमेंटनुसार वेगळी बेरेट टोपी आणि खांद्यावरची दोरी त्या पातळीवर गेली. २६ जुलै २०२५ ला द्रास येथे रुद्र ब्रिगेड (पायदळ, रणगाडे, तोफा एकत्र असलेली फौज) आणि भैरव बटालियन (हलक्या कमांडो पलटणी) यांची घोषणा झाली. २०१९ सालचे पुस्तक समोर ठेवून केलेली नक्कल यातल्या प्रत्येक ठिकाणी तोंडघशी पडते. भरतीच्या मुलांना याचा थेट फटका बसतो. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम आहे. जुन्या मार्गदर्शिका मैदान आधी सांगतात. त्यावर विसंबलेला मुलगा चार महिने नुसता धावतो आणि परीक्षेला कोरा जातो.

माहिती घ्यायची कुठून? संरक्षण मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, भारताचे राजपत्र, पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रके आणि लोकसभा-राज्यसभेतली लेखी उत्तरे. हे चार झरे पुरेसे आहेत. व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते नकोत. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठल्या कागदावरून आणि कोणत्या तारखेला घेतली, हे वहीत लिहून ठेवावे. पुस्तकात ते छापले नाही तरी दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हीच वही निम्मे काम करते.

आता शब्दांकडे. मराठीत ‘तुकडी’ हा शब्द फार दगा देतो. दहा जणांचे सेक्शनही तुकडी, प्लाटूनही तुकडी, आणि आठशेच्या आसपास माणसांची बटालियनही तुकडीच. संदर्भपुस्तकात हा शब्द ठेवूच नये. सेक्शन, प्लाटून, कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड ही उतरंड आहे त्याच नावांनी लिहावी. बटालियनला ‘पलटण’ म्हणायला हरकत नाही, जवान स्वतः तोच शब्द वापरतात. सगळ्यात मोठा घोटाळा ‘रेजिमेंट’चा. पायदळात रेजिमेंट हे अनेक पलटणींचे कुटुंब असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये विखुरलेल्या असतात, अख्खी रेजिमेंट एका ठिकाणी लढायला जात नाही. तोफखान्यात आणि रणगाडा दलात मात्र रेजिमेंट म्हणजे पलटणीच्या बरोबरीचे एक युनिट. तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये साधारणपणे तीन बॅटऱ्या आणि प्रत्येकीत सहा तोफा असतात. हा फरक न कळल्यामुळे ‘एका ब्रिगेडमध्ये तीन रेजिमेंट’ असे सरसकट छापले जाते. ‘कोअर’चेही तसेच. लेहची १४ कोअर ही लेफ्टनंट जनरलच्या हाताखालची लढाऊ फौज आहे. सिग्नल्सची कोअर ही संदेशवहनाची एक शाखा आहे. एकाच शब्दाच्या दोन नोंदी करा आणि दोन्हींत एकमेकींचा पृष्ठांक द्या.

सूची हा अशा पुस्तकाचा कणा. ती लेखकाच्या भाषेत करून भागत नाही, शोधणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावरून करावी लागते. अहिराणी घरात पोरगा ‘मिल्ट्रीमा’ असतो, तेव्हा ‘मिल्ट्री’ ही नोंद हवीच, ‘लष्कर पाहा’ एवढे म्हटले तरी चालेल. ‘कनिष्ठ आयोगित अधिकारी’ कुणी शोधत नाही, ‘जेसीओ’ शोधतात. एक नमुना देतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीची ‘काली पाचवी’ ही पलटण वाचक पाचव्या क्रमांकाखाली शोधणार, आणि ती आहे २ मराठा. मूळची मुंबई पायदळाची पाचवी. १९०३ साली मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून ती १०५ वी झाली, आणि १९२२ च्या फेररचनेत दुसरी. नाव जुने राहिले, आकडा बदलला. अशा नावांच्या उलटसुलट नोंदी नसतील तर पुस्तकात माहिती असूनही ती नसल्यासारखीच. संगणकाने लावलेला अकारविल्हे क्रमही हाताने तपासावा. संगणक ‘क्ष’ला ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये घुसवतो, मराठी वाचक ती अक्षरे शेवटी शोधतो. सूची करायची ती पानांची मांडणी कायम झाल्यावर. आधी केली तर पृष्ठांक सरकतात.

आमच्या मते खान्देशातल्या घरांना सगळ्यात उपयोगी पडेल ते एक परिशिष्ट: कोणत्या रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय कुठे. वडील वारले, आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचे आहे आणि घरात फक्त सैन्य क्रमांक आणि जुना पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) आहे, अशा वेळी नेमके हेच पान लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगाव, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातले सागर, तोफखान्याचे नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचे (अभियंता दल) खडकी, रणगाडा दलाचे अहिल्यानगर, सिग्नल्सचे जबलपूर, ईएमईचे (यंत्रदुरुस्तीची शाखा) सिकंदराबाद. शहरांची जुनी नावेही सूचीत ठेवा. घरातल्या कागदांवर अहमदनगर आणि बेळगाव असते, नव्या पत्रांवर अहिल्यानगर आणि बेळगावी. सोबत संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनाचे ‘स्पर्श’ पोर्टल आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांचे काम चार ओळींत सांगावे. फोन नंबर छापू नयेत, ते वर्षभरात बदलतात.

चित्रांच्या पानांवर कसोटी लागते. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे, सुभेदाराच्याही दोन. फरक ताऱ्यांखालच्या लाल-पिवळ्या पट्टीचा. काळ्या-पांढऱ्या छपाईत ती पट्टी करड्या पार्श्वभूमीत विरघळते आणि पुस्तक सुभेदाराला लेफ्टनंट करून टाकते. खांद्यावरची चिन्हे रेखाचित्राने काढा, पट्टीला जाड काळी कड द्या. पदकांच्या फितींना रंग लागतोच. परमवीर चक्राची फीत जांभळी. छपाईत सायन (निळसर शाई) आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) जवळजवळ सारखे ठेवले की ती निळी येते, मॅजेंटापेक्षा सायन किमान तीस टक्क्यांनी कमी ठेवावा. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अशोक चक्राच्या हिरव्या फितीवर एक केशरी रेघ, कीर्ती चक्रावर दोन, शौर्य चक्रावर तीन. खरी रेघ सुमारे दोन मिलिमीटरची. चित्र चौथाईवर आणले की ती अर्ध्या मिलिमीटरची उरते आणि साध्या मॅपलिथो कागदावर शाई पसरून नाहीशी होते. म्हणून फितींची आठ पाने १३० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी छापून मधे घालावीत. इंटरनेटवरचे फोटो उचलू नयेत. सरकारी छायाचित्रालाही साठ वर्षे कॉपीराइट असतो.

टाइपसेटिंगमध्ये एक खोड जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडते. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये फिरवला की ‘अधिकाऱ्यांना’चे ‘अधिकार्यांना’ होते. लष्करावरच्या पुस्तकात हा शब्द शेकडो वेळा येतो. सरसकट ‘शोधा आणि बदला’ केले की ‘कार्यालय’ आणि ‘कार्यवाही’ बिघडतात. ‘अधिकार्यां’ आणि ‘अधिकार्या’ एवढेच तुकडे शोधावेत आणि शेवटची प्रूफे कागदावर काढून डोळ्यांनीच वाचावीत.

कायद्याच्या बाबतीत काटेकोर राहा. सेवेत असलेल्या माणसाला १९५४ च्या आर्मी रूल्समधील नियम २१ प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. युनिट सध्या कुठे तैनात आहे, तळाचा आराखडा, शस्त्रसाठा, यातले काहीही छापायचे नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू आहे. सरकारने स्वतः प्रसिद्ध केलेले तेवढेच घ्यायचे, ही रेषा सोपी आहे. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बाह्यरेषेवरूनच काढावा. सीमा चुकीची छापली तर १९६१ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुखपृष्ठावर राजमुद्रा टाकू नये, २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधन आहे आणि पुस्तक सरकारी असल्याचा भासही होतो.

धरणगावला जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली, तो इतिहास मोठा मोहाचा आहे. आधुनिक लष्कराच्या पुस्तिकेत त्याला एक परिच्छेद द्या, पुढचे वेगळ्या पुस्तकासाठी ठेवा.

छपाईचा हिशेब फर्म्यावर, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या सोळा पानांच्या गठ्ठ्यावर चालतो. डेमी आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) २४० पाने म्हणजे बरोबर पंधरा फर्मे. मजकूर २४४ पानांवर गेला की सोळावा फर्मा लागतो आणि बारा पाने कोरी जातात. २३ × ३६ इंची एका तावात दोन फर्मे बसतात, म्हणून ५०० प्रतींना ३,७५० ताव, म्हणजे ५०० तावांच्या साडेसात रीम, अधिक मशीनवर वाया जाणारा कागद. तीनशे प्रतींच्या आत डिजिटल परवडते, पाचशेच्या वर ऑफसेट. पहिली आवृत्ती छोटीच काढावी असा आमचा आग्रह आहे, कारण दोन वर्षांत निम्म्या प्रकरणांना हात लावावा लागतो. बांधणी नुसत्या गमाची नको. संदर्भपुस्तक दिवसातून दहा वेळा उघडून पालथे ठेवले जाते आणि गमाची पाठ पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. जळगावचा ४५ अंशांचा मे महिना गमाला सोसत नाही. फर्मे दोऱ्याने शिवून घ्या, खर्च थोडा वाढतो, पाने सुटत नाहीत.

कागद ७० जीएसएमचा घ्यावा की ८०? फितींची रंगीत पाने नसलेली साधी प्रत ७० मध्ये मुखपृष्ठासह साधारण २७५ ग्रॅम भरते, पाकिटासह ३०० च्या आत. ८० मध्ये ती तीनशे ओलांडते. टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत एक दर आहे आणि त्यापुढे दुसरा. अक्कलकुवा-धडगावपर्यंत पुस्तके टपालानेच जाणार असतील तर हा फरक दर प्रतीला पडतो. आर्ट पेपरची आठ पाने घातली की प्रत सोळा ग्रॅमने जड होते, तेव्हा एक फर्मा कमी करावा किंवा वरचा दर किमतीत धरावा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. पैसे घेऊन क्रमांक देणाऱ्यांकडे जाऊ नये. त्या क्रमांकावर प्रकाशक म्हणून त्यांचे नाव लागते. सुधारित आवृत्तीला नवा क्रमांक लागतो, नुसत्या पुनर्मुद्रणाला नाही. छापून झाल्यावर ३० दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील ठरलेल्या चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक स्वयंप्रकाशक हे विसरतात. त्या चार प्रती बांधणीवाल्याकडूनच बाजूला काढून घ्याव्यात.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. खान्देशातला जवान शहीद झाल्यावर बातमीत ‘मराठा बटालियनमध्ये कार्यरत’ एवढेच येते. मराठा बटालियन नावाची एक पलटण नाही. पलटणीचा क्रमांक आणि रेजिमेंटचे पूर्ण नाव लष्कराच्या अधिकृत निवेदनात दिलेले असेल, तर ते जसेच्या तसे छापावे. ते कात्रण घरी जपून ठेवले जाते, आणि पुढे अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिताना पुष्कळदा तेच समोर ठेवले जाते.

आपले,
लष्करी संदर्भपुस्तिकांचे दोन संपादक, जळगाव