पत्र्याच्या शेडमधलं चर्च

प्रिय आई-बाबा,

काल कॉलवर आवाज सारखा तुटत होता म्हणून लिहायलाच बसले. परवा मला कामावर उशीर का झाला ते आईला काही झेपलं नव्हतं. अगं, इथे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीत आमच्या बेटावरून कर्कवॉल या मुख्य गावाला जायचं तर समुद्रात घातलेल्या बांधावरूनच रस्ता आहे, वादळ आलं की लाटा सरळ रस्त्यावर आणि मग गेट बंद, दोन तास मांडीवर डबा घेऊन गाडीत बसले होते, पोह्यांचे पार दगड झाले.

बाबा, तुम्ही जन्मभर पीडब्ल्यूडीत काढलीत, हा बांध तुम्ही बघायलाच हवा. स्कापा फ्लो म्हणजे चहूकडून ऑर्कनीची बेटं आणि मध्ये आडोशाचं पाणी, तिथे ब्रिटिश आरमाराचा मोठा तळ होता. बेटांमधल्या फटींत जुनी जहाजं बुडवून वाट अडवलेली, तरी १३-१४ ऑक्टोबर १९३९च्या रात्री एक जर्मन पाणबुडी त्यातूनच आत शिरली आणि तिने रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८३५ माणसं गेली, अठराच्या आतली पोरंसुद्धा होती त्यात. मग चर्चिलने फटी कायमच्या बुजवायला लावल्या. आधी तारेच्या जाळ्यांत दगड भरून सोडले, वर काँक्रीटचे ठोकळे, ५ टनी आणि १० टनी मिळून ६६ हजार! वरचे असे वेडेवाकडे टाकलेत की आधी मला वाटलं कॉन्ट्रॅक्टरने घाई केली, पण ते मुद्दाम, लाटेचा जोर मोडायला.

मजूर म्हणजे उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन कैदी. त्यांनी संप केला, कैद्यांकडून लष्करी काम करून घेता येत नाही म्हणून, तर साहेब म्हणाले हा बांध नाहीच, बेटं जोडणारा रस्ता आहे. (कागद कसा फिरवायचा ते तुम्हाला काय सांगू!) आणि गंमत म्हणजे आज तो खरंच रस्ताच आहे, त्यावरून मी रोज जाते.

या कैद्यांचा एक कॅम्प लॅम्ब होमवर होता, इवलंसं बेट, एक झाड नाही. तिथे त्यांनी पत्र्याच्या दोन अर्धगोल शेड एकापुढे एक जोडून १९४३पासून चर्च करायला घेतलं. डोमेनिको किओकेत्ती म्हणून मोएना गावचा एक जण त्यातला मुख्य कलाकार. आत गेलं की विटांची भिंत, कोरीव दगड सगळं दिसतं, मी हळूच बोट लावून बघितलं तर सपाट, नुसता रंग! दिवे बीफच्या रिकाम्या डब्यांचे, लाकूड फुटलेल्या जहाजाचं. लोखंडी जाळीचा पडदा पालुंबी नावाच्या लोहाराने केला, म्हणतात त्याचं इथल्या एका मुलीवर प्रेम होतं, पण घरी इटलीत बायको, म्हणून जमिनीत लोखंडाचं एक हृदय ठोकून गेला. बायकोला कळलं असेल का?

आपल्या माणगावात यशवंत घाडगेंचा पुतळा आहे ना, ते ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतून १० जुलै १९४४ला इटलीत लढताना पडले, आणि तेव्हा हे इटालियन इथेच होते. आपल्या कोकणातला माणूस त्यांच्या डोंगरात आणि त्यांच्या डोंगरातला माणूस या खाऱ्या वाऱ्यात, मला तिथे उभं असताना हे एकदम आठवलं आणि जरा कसंतरीच झालं.

१९४४मध्ये बाकीचे गेले तरी किओकेत्ती उरलेलं काम पुरं करायला मागे थांबला. पुढे १९६०ला परत येऊन त्याने रंग दुरुस्तही केला.

आई, तुला सांगायचं होतं ते हेच. समोरच्या भिंतीवर बाळाला घेतलेली मेरी आहे ना, ती त्याने त्याच्या आईने दिलेल्या एका छोट्या कार्डावरून काढली, अख्ख्या लढाईत ते त्याने जवळ बाळगलं होतं. मी निघताना तू पर्समध्ये गणपतीचा फोटो कोंबला होतास आणि मी एअरपोर्टवर सगळ्यांसमोर केवढी चिडले होते. घरी येऊन शोधला. पासपोर्टच्या कव्हरात होता, कोपरा दुमडलाय, बाकी ठीक.

मे महिन्यात येताना दोघांनी कानटोप्या आणा, इथला वारा कान कापतो. आणि आगळाची बाटली दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी बाबांचे सगळे शर्ट गुलाबी झाले होते.

तुमची,
छकुली