कुत्रा छोटा, म्हणून इंजेक्शन अर्धं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गल्लीतली कुत्री आणि शेजारचा पॉमेरियन यांची पिल्लं हल्ली बऱ्याच घरांत दिसतात. लोक त्यांना सरळ 'क्रॉस' म्हणतात. चार ते सात किलोचं कुत्रं, लहान फ्लॅटमध्येही मजेत राहतं. जातिवंत कुत्र्याचं वजन किती असावं याचा तक्ता तरी मिळतो. क्रॉसचा बाप कोण हेच धड ठाऊक नसतं, तिथे तक्ता कुठला? म्हणून त्याला काट्यावर घेणं भाग आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. औषध द्यायची वेळ आली की सगळा कारभार अंदाजपंचे.

रेबीजच्या शिबिरात हमखास ऐकू येणारी विनंती म्हणजे, "डॉक्टर, एवढासा जीव आहे, अर्धंच टोचा." रेबीजच्या लशीचा डोस वजनावर ठरत नाही. पाच किलोचा क्रॉस असो की पन्नास किलोचा ग्रेट डेन, डोस 1 मिली. शरीराला विषाणूची ओळख पटायला लशीतला घटक ठरावीक प्रमाणातच लागतो. अर्ध्या डोसाने ती पटेलच याची खात्री नाही. पहिली लस तिसऱ्या महिन्यात द्यायची, पुढच्या तारखा डॉक्टर कार्डावर लिहून देतील त्या पाळायच्या.

जंताच्या गोळीचं मात्र उलट. नेहमीच्या तिहेरी औषधाची एक गोळी दहा किलोला असते, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला अर्धी. इथे लोक बिनदिक्कत अख्खी देतात.

गोचिडांचं औषध ही तर स्वतंत्र कथा आहे. मानेवर टाकायच्या फिप्रोनिलच्या नळ्या वजनानुसार येतात: दहा किलोपर्यंत 0.67 मिली, दहा ते वीस किलोला 1.34 मिली, वीस ते चाळीसला 2.68 मिली. मोठी नळी स्वस्त पडते म्हणून ती दोन-तीन कुत्र्यांत वाटली जाते. थेंब मोजायला साधन नसतं, मग एकाला जास्त जातं, दुसऱ्याला पुरत नाही. शिवाय पॉमेरियनसारखी दाट लव असली की औषध केसांवरच राहतं. दोन्ही खांद्यांच्या मधले केस बोटांनी फाकवून, कातडी दिसल्यावर नळीचं टोक तिला टेकवायचं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. एवढं करूनही गोचिडं दिसली तर दोष औषधाला देऊ नये. मादी गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, चौकटीमागे हजारांनी अंडी घालते. त्या फटी बुजवल्याशिवाय सुटका नाही. जेवण टाकलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची शंका घेऊन त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.

सगळ्यात घातक सवय म्हणजे घरातली तापाची गोळी. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला ते कायमच गरम लागतं. त्यावर 500 मिलीग्रॅमची पॅरासिटामॉल दिली तर पाच किलोच्या कुत्र्यात किलोमागे 100 मिलीग्रॅम जातं. एवढ्या मात्रेत यकृताला इजा होऊ शकते. आयब्युप्रोफेन तर देऊच नये. पोटात अल्सर होतात, मात्रा वाढली की मूत्रपिंडंही जातात.

खाण्याचं गणितही वजनाचंच. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 350 कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा, चहाबरोबरची चार मारी बिस्किटं म्हणजे शंभरेक कॅलरी. कच्चा असो की शिजवलेला, कांदा किलोमागे 15 ग्रॅमपासून रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकतो. पाच किलोला तो एक मध्यम कांदा झाला, म्हणून उरलेला रस्सा भातावर ओतू नये. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा तर थोडासाही नको. त्याची सुरक्षित मात्रा ठरलेलीच नाही.

लव दाट असल्याने लठ्ठपणा डोळ्यांना दिसत नाही. बोटं बरगड्यांवरून फिरवावीत. हलक्या दाबाने त्या मोजता आल्या तर ठीक, शोधाव्या लागल्या तर जेवण आटोक्यात आणावं. पाच किलोच्या कुत्र्यावर चढलेला अर्धा किलो म्हणजे साठ किलोच्या माणसावर सहा. चालताना मागचा एक पाय दोन पावलं उचलून धरायचा आणि पुन्हा टेकवायचा, हे लाडाचं नसतं, बहुधा गुडघ्याची वाटी सरकलेली असते. तिला आणि नाजूक श्वासनलिकेला हा भार सोसत नाही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरावा, तोही याचसाठी.

घरी वजन करायला बाथरूमचा काटा चालतो, पण कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, यात सहज अर्ध्या किलोची चूक होते. त्यापेक्षा जाड कापडी पिशवीत बसवून ताणकाट्याला लावलं तर आकडा बराच नेमका येतो. (रद्दीवाला नाही म्हणत नाही.) पिशवी आधी एकटी तोलून घ्यावी.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना एक विनंती. लसीकरणाच्या कार्डावरचा वजनाचा रकाना बहुतेक वेळा कोराच असतो. शिबिरात लशीच्या खोक्याशेजारी एक काटा ठेवावा आणि आकडा तारखेसह लिहून द्यावा. काटा टेबलावर नको, जमिनीवर ठेवावा आणि त्यावर रबरी चटई घालावी. गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरले की लहान कुत्रं उडी मारतं आणि आकडा स्थिर होतच नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे