प्लगचा गॅप मोजून लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली 31 वर्षं मी चिपळुणात दुचाक्या दुरुस्त करतो. मागच्या आठवड्यात आलेल्या एका गिऱ्हाइकामुळे हे पत्र लिहायला बसलो. हा माणूस रोज पहाटे मासळीचे क्रेट मागे बांधून कुंभार्ली घाट चढतो आणि पाटणकडे विक्रीला जातो. गाडी सपाटीला ठीक चालायची, चढाला मात्र मिस मारायची, म्हणजे मध्येच पेट्रोल न पेटता अडखळायची. त्यात कुणीतरी त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, की स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, वाढवला तर पिकअप वाढतो. त्याने इरिडियम या महागड्या धातूच्या टोकाचा प्लग आणला, पकडीने त्याचा गॅप वाढवला, वर ‘रेसिंग’ कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बसवली. 3,200 रुपये गेले आणि गाडी आणखीच मिस मारायला लागली.

मी प्लग काढून फिलर गेज, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या, घातलं. गॅप भरला 1.2 मिलिमीटर. त्याच्या गाडीच्या पुस्तिकेत 0.8 ते 0.9 छापलेला आहे. जुना प्लग त्याने डिकीत टाकून ठेवला होता, तोही मोजला. झिजून 1.1 झालेला. म्हणजे दुखणं पहिल्यापासून एवढंच होतं. नवा साधा प्लग 0.85 ला लावला, मूळ कॉइल परत बसवली. दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरून त्याचा फोन आला, गाडी एकदाही अडखळली नाही.

सपाटीला चालणारी गाडी घाटात का अडखळते, हे समजून घ्यायला हवं. चढावर आपण थ्रॉटल पूर्ण पिळतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं, दाब वाढतो. दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात गॅपही वाढलेला असेल तर कॉइल कमी पडते, ठिणगी पडतच नाही किंवा प्लगवरच्या कॅपमधून भलतीकडेच निसटते. उलट गॅप फार कमी ठेवला तर ठिणगी पडते पण इवलीशी, आणि आयडलला, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन चालू असताना, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ असलं की ते नीट पेट घेत नाही. कंपनीने दिलेला आकडा या दोन्हींचा विचार करून ठरवलेला असतो.

यात आम्हा मेकॅनिकांचाही दोष आहे आणि तो मी मान्य करतो. आमच्या उस्तादांनी आम्हाला हॅक्सॉ ब्लेड गॅपमध्ये घालून बघायला शिकवलं. ब्लेडची जाडी साधारण 0.65 मिलिमीटर. येझदी, आरएक्स 100 या जुन्या गाड्यांच्या काळात ते चालून गेलं, कारण त्या गाड्यांचा गॅप त्याच्याच आसपास होता. आज बऱ्याच गाड्यांना 0.8 किंवा 0.9 लागतो, तरी कितीतरी गॅरेजांत तेच ब्लेड फिरतं आहे. एनजीके कंपनीच्या प्लगवर नंबरच्या शेवटी ‘-9’ असेल तर तो 0.9 चा असतो, एवढं वाचलं तरी पुरे.

इरिडियम प्लग वाईट नाही. त्याचं मधलं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि तो साध्या प्लगपेक्षा खूप जास्त टिकतो. पण मूळ इग्निशन ठणठणीत असेल तर त्याने गाडीची ताकद वाढत नाही. मिश्रण एकदा पेटलं की पेटलं. जास्त जोरदार ठिणगीने पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही. चार टोकांच्या प्लगमध्येही एका वेळी ठिणगी एकाच टोकाकडे जाते. आणि इरिडियमचं नाजूक टोक पकडीने, स्क्रू ड्रायव्हरने दाबलं की पैसे पाण्यात. साध्या प्लगचाही गॅप फक्त बाहेरचा वाकडा दांडा हलकेच वाकवून लावायचा, मधल्या टोकावर जोर द्यायचा नाही. आतली चिनीमाती तडकते आणि तो तडा बाहेरून दिसत नाही.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांत तर जपायलाच हवं. मिस मारलेल्या प्रत्येक वेळी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, पेटतं आणि असं वारंवार झालं की त्याला जाळून टाकतं. तो बदलायचा म्हणजे गरिबाचा महिन्याचा पगार. या गाड्यांना रेझिस्टरवाला, म्हणजे नंबरात ‘आर’ असलेलाच प्लग घालावा, नाहीतर ठिणगीच्या विद्युत गोंधळाने ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, चुकू शकतो.

माझी गाडीवाल्यांना कळकळीची विनंती आहे. नवी कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी वेळेवर पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) घेण्याआधी प्लग काढून गॅप मोजायला सांगा, प्लग कॅप आणि वायर तपासायला सांगा. मिस्त्रीकडे गेज नसेल तर त्याला घ्यायला लावा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. मी स्वतः खंडेनवमीला पान्यांच्या शेजारी ते पूजेत ठेवतो. येत्या महिनाभर दर रविवारी सकाळी माझ्या गॅरेजात कुणाचाही प्लग मी विनामूल्य मोजून देईन. आसपासच्या गॅरेजांतली शिकाऊ मुलं आली तर त्यांच्या हातात गेज देऊन शिकवीन.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक, चिपळूण