माझ्या बांधीतला चर आधी बुजवून द्या

मा. खनिकर्म मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री माझा बैल चरात पडला. पुढचा पाय मोडला. सकाळपर्यंत तो चिखलात हंबरत होता आणि आम्ही चौघं दोर लावून ओढत होतो.

चर मी खोदला नव्हता. मार्चमध्ये तपासणीचं पथक आलं. लॅपटॉपवर माझ्या बांधीवरचा, म्हणजे धानाच्या खाचरावरचा, लाल ठिपका दाखवून म्हणाले, ‘उपग्रहात दिसलंय, खाली सोनं असू शकतं.’ पुरुषभर खोल चर मारला, मातीच्या पिशव्या भरल्या, पावसाआधी बुजवून देतो म्हणाले. रोवणी तोंडावर आली, त्यांचा पत्ता नाही.

माझी मुलगी भूगर्भशास्त्र शिकते. ती सांगते, उपग्रहाला सोनं दिसतच नाही. ज्वालामुखीच्या खडकांतल्या भेगांतून कधीकाळी कढत पाणी वर आलं, तिथे खडक कुजून पांढरी माती झाली, लोखंड गंजलं. त्या मातीवरून परतणारं ऊन मोजून नकाशा रंगवतात. अमेरिकेतल्या नेवाडात हे साधतं, कारण तिथे वाळवंट आहे, खडक उघडा आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोली पट्ट्यातही जुने ज्वालामुखी खडक आहेत, पण त्यांच्यावर धान आहे, जंगल आहे, मुरूम आहे. मुरमातही गंजलेलं लोखंडच असतं, महोदय, मग नकाशा फसणारच!

पथकाकडचं चित्र ‘ॲस्टर’ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचं होतं. डोळ्यांना न दिसणारं ऊन टिपणारे त्याचे या कामाचे अवरक्त पट्टे एप्रिल 2008 पासून निकामी आहेत, म्हणजे चित्र त्याआधीचं. त्यातला एक ठिपका 30 मीटर बाय 30 मीटर, जवळपास 9 गुंठे. माझी बांधी 6 गुंठ्यांची. त्या ठिपक्यात शेजाऱ्याचा धुरा आणि नालाही आला. तरी चर माझ्याच बांधीत.

बैलजोडी कर्ज काढून घेतली होती. हप्ता चालू आहे, बैल बसून आहे. कोण भरणार?

2023 मध्ये कायदा बदलून सोन्या-चांदीच्या शोधाचे परवाने कंपन्यांना लिलावाने द्यायची सोय तुम्ही लोकांनी केली. ज्याच्या शेतात उतरायचं त्याला आधी विचारायची सोय कुठे आहे? कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या, सोनं गेलं, सायनाइडच्या मातीचे ढिगारे तिथल्या लोकांच्या उशाशी राहिले. दरवेळी आमच्याच वाट्याला खड्डा का?

माझ्या पिशव्यांतल्या मातीत काय निघालं ते लेखी कळवा. बैलाची भरपाई द्या. आणि चर या आठवड्यात बुजवा. सोमवारी भाड्याचा ट्रॅक्टर येतोय, चर उघडा असेल तर तो बांधीत उतरणार नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागलेत.

आपला,
साकोली तालुक्यातला एक धान शेतकरी