विदर्भाबद्दल विचारलं तर आधी खरं ते कबूल करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या खेड्यांतली पोरं-पोरी आता शिकायला, नोकरीला जर्मनी, आयर्लंड, कॅनडापर्यंत पोचली आहेत. तिथं त्यांना विचारलं जातं : तुमच्याकडे कायम दुष्काळच ना? शेतकरी जीव देतात ते तुमच्याकडेच का? गावात वाघ येतो म्हणे? बहुतेक जण 'छे, तसं काही नाही' म्हणतात आणि मुंबई-पुण्याचे उड्डाणपूल दाखवू लागतात. हे उत्तर टिकत नाही. समोरचा माणूस फोनवर दोन मिनिटांत शोधतो, त्याला आत्महत्यांच्या बातम्या सापडतात, आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरही त्याचा भरवसा बसत नाही. प्रश्नातलं खरं असेल तेवढं आधी कबूल करावं, चुकीचं असेल तेवढं आकड्यानिशी खोडावं.

पावसाचंच घ्या. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या बुलडाण्यात ७०० च्या वर, गडचिरोलीत १३०० च्या पुढे. विदर्भ वाळवंट नाही हे एवढ्यानं पटतं. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत वाटलेला. आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पेरणी झाल्यावर त्यानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी करावी लागते. बियाण्याला पुन्हा पैसा, हंगाम तेवढा मागं. आपली नड पावसाच्या मापापेक्षा त्याच्या वेळेत जास्त आहे.

आत्महत्यांचा प्रश्न टाळू तर मुळीच नये. तिकडे समज असा की इथला शेतकरी जुन्या पद्धतीला चिकटून बसतो, नवं काही घेत नाही. उलट आहे. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाला, देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भातली जवळपास सगळी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, बीटी झाली. पुढं गुलाबी बोंडअळी त्या वाणालाही दाद देईना. २०१७ चा हंगाम तिनं धुऊन नेला. या अळीचं वागणं समजावून सांगावं, कारण तिथंच सगळी मेख आहे. बारीक अळी हिरव्या बोंडात शिरते, शिरलेलं भोक बुजतं, आणि आत बसून ती सरकी खाते. वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बाहेरून बोंड चांगलं दिसतं. फुटतं तेव्हा आत पिवळट, चिकटलेली कवडी निघते. फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिली, म्हणजे डोमकळ्या दिसल्या, तर वेळीच वेचून नष्ट कराव्या लागतात. नर पतंगांना वासानं ओढून पकडणारे कामगंध सापळे लावावे लागतात. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावरही उभं ठेवलेलं पीक, ठेवायची नसते. पण हाती पैसा नसलेला माणूस आणखी एक वेचा मिळेल म्हणून फरदड ठेवतो आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. बी-खत जूनमध्ये उधारीवर, ओलित नाही, माल सगळ्यांचा एकदमच बाजारात येतो म्हणून भाव पडलेला. मरणामागचा हिशेब हा असा आहे, आणि तो सांगायला लाज वाटायचं कारण नाही.

तरीही ऐकणाऱ्याला तो दूरचा वाटला, तर त्याच्या अंगातल्या सुती टी-शर्टकडे बोट दाखवा. शर्ट दीडशे ग्रॅमचा धरा. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३३-३५ किलो, बाकी सरकी. सूतकताईत आणि कापड बेतताना घट येते ती निराळी. म्हणजे त्या एका शर्टाला अर्ध्या किलोच्या वर कापूस लागला. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये; त्या हिशेबानं शेतकऱ्याला मिळाले ४५ रुपयांच्या आसपास, साधारण अर्धा युरो. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी, डवरणी आणि वेचणाऱ्या बायांची मजुरी. यानंतर सहसा कोणी अडाणीपणाचं बोलत नाही.

वाघाचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याच्या आसपास तो प्रश्न खरा आहे. मोहफुलं रात्री गळतात, म्हणून माणसं मार्च-एप्रिलात पहाटेच जंगलात जातात आणि वाकून वेचतात. त्या वेळी हल्ले होतात, माणसं दगावतात. 'आम्ही वाघासोबत राहतो' असं मिरवणं त्या घरांवर अन्याय आहे.

भाषेचा प्रश्न सोपा : मराठी, २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा. लिपी हिंदीचीच असली तरी भाषा वेगळी, आणि घरात बोलतो ती वऱ्हाडी. 'करी' रोज खाता का, असं विचारलं तर सांगावं की या नावाचा पदार्थ आपल्या चुलीवर होत नाही. वरण वेगळं, पातोडीचा रस्सा वेगळा, आंबाडीची भाजी वेगळी.

जाताना एक काळजी घ्यावी. दाखवायला म्हणून सरकीसकट बोंड सोबत नेऊ नये. बियाण्यातून कीड येते म्हणून बऱ्याच देशांत ते विमानतळावरच काढून घेतात, काही ठिकाणी दंडही होतो. त्यापेक्षा एकाच वावराचे तीन फोटो फोनमध्ये असू द्यावेत : मे महिन्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडलेली काळी जमीन, ऑगस्टमधली कमरेएवढी पऱ्हाटी आणि दिवाळीच्या सुमारास सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून वेचणीला लागलेल्या बाया. तिन्ही फोटो त्याच धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून, त्याच झाडाच्या बाजूनं काढावेत, म्हणजे वावर एकच आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपला,
एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ